कागदपत्रं नसताना गावातल्या जुन्या थिएटरचा इतिहास कसा शोधायचा?

थिएटरं कधीच बंद पडली, मालकांकडे कागद उरले नाहीत, मग इतिहास लिहायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. इमारत उभी असेल तर सरळ प्रोजेक्टर रूम गाठा. बंद थिएटर पाहायला मिळालं की मी आधी तिथेच जातो, कारण मालकाने केलेल्या प्रत्येक मोठ्या खर्चाची खूण त्या खोलीत राहते.

झोत बाहेर जाण्यासाठी भिंतीत ठेवलेली चौकोनी भोकं पाहा. त्यांच्यावर लोखंडी झडपा आहेत का? जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्याखालीसुद्धा विझत नाही. म्हणून झडप चटकन वितळणाऱ्या धातूच्या कडीवर अडकवलेली असे. आग लागली की कडी वितळायची, झडप धाडकन खाली यायची आणि आग प्रेक्षकांकडे जायची वाट बंद व्हायची. १९५०च्या सुमारास सहज पेट न घेणारी सेफ्टी फिल्म रूढ झाली, पण नियम पुढेही बराच काळ तेच राहिले. तेव्हा नुसत्या झडपेवरून साल ठरवू नका.

मग जमिनीकडे बघा. शेजारी शेजारी दोन मशीनच्या बोल्टच्या खुणा आणि छतात धुराड्याचं भोक असेल, तर तिथे कार्बनवर खेळ चालत होते, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून मशीनला उजेड मिळायचा. दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम वीस-बावीस मिनिटं पुरायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर गोल ठिपका चमकला की ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा. पुढचा ठिपका आला की चित्र त्यावर घ्यायचं. मधल्या वेळात कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर सांभाळायचं. हे कसब होतं, आणि त्याची नोंद फार कमी ठिकाणी झाली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे कार्बनच्या जागी झेनॉन दिवा आला, मोठी रिळं आली आणि एका मशीनवर काम भागू लागलं.

खाली पडदाही बघून घ्या. बारीक भोकं असतील तर आवाज त्यामागच्या स्पीकरमधून यायचा. १९५३ साली सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचे सिनेमे आल्यावर अरुंद हॉलवाल्यांची पंचाईत झाली. रुंदी वाढवायला जागा नाही, म्हणून अनेकांनी चित्राची उंची कमी केली.

टीव्हीने थिएटरं मारली, असं सर्रास म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. टीव्हीने प्रेक्षक नेले, पण तग धरून राहिलेल्या कित्येकांना शेवटी डिजिटलने गाठलं. फुजीफिल्मने २०१३ साली सिनेमाच्या प्रिंटची फिल्म बनवणं थांबवलं. नव्या सिनेमांच्या प्रिंट येईनाशा झाल्या आणि नवं मशीन घेणं लहान मालकाच्या आवाक्यात नव्हतं. तुमच्या थिएटरात फक्त फिल्मचंच मशीन दिसलं, तर ते डिजिटलच्या आधी बंद पडलं की त्यामुळे, हे नक्की शोधा.

साल पक्कं करायला वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिराती चाळा; थिएटरचं नाव बदललं असेल तर तेही तिथेच कळेल. पण त्याआधी जुना ऑपरेटर हयात असेल तर त्याला गाठा आणि शक्य झालं तर त्याच खोलीत उभं करून बोलतं करा. गर्दीच्या सिनेमांबद्दल कुणीही सांगेल. त्याला मशीनबद्दल विचारा.