तिवर वाढलं, मग खाडीतला मासा का आटला?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी पेण तालुक्यातल्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनींच्या पट्ट्यातला. भाताची शेती आणि जोडीला खाडीतली मासेमारी. आमच्या गावचा बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटून बरीच वर्षं झाली. खांड बुजवलीच नाही, शेतांत खारं पाणी भरलं आणि आता तिथे आत शिरलेला माणूस दिसणार नाही इतकं तिवर (खारफुटी) माजलंय. तिवराच्या मुळांत मासा वाढतो असं शाळेत शिकलो होतो. पण इथे उलटं झालं. बोय कमी झाली, जिताड्याचं पिल्लू दिसत नाही, वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात मासे चढतात तेव्हा, चिवण्या पूर्वीसारख्या चढत नाहीत, निवट्या तर नावाला उरल्या. जाळ्यात येते ती चिलापी (तिलापिया). कुणी कारखान्याच्या पाण्याला दोष देतं, कुणी मालवाहू बार्जना, कुणी बोकशीवाल्यांना, म्हणजे पिशवीसारखं बारीक जाळं लावणाऱ्यांना. म्हातारी माणसं म्हणतात, उधाणच आता पूर्वीपेक्षा वर चढतं. खरं कारण कोणतं?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही की तुम्ही नुसतं "मासा कमी झाला" असं म्हणून थांबला नाहीत, कुठला कुठला मासा ते लिहिलंत. प्रत्येकाचं राहणं वेगळं, वीण वेगळी, त्यामुळे जाण्याचं कारणही वेगळं असू शकतं. तेव्हा एकेका माशाच्या मागे जाऊ या.

निवट्यांपासून सुरुवात करते, कारण निवटी खाडी सोडून कुठे जात नाही. चिखलातल्या बिळात राहते, अंडीही बिळातच घालते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी ती तग धरते, कारण ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेता येतो. मग ती कमी का व्हावी? तुमच्याकडच्या निळसर ठिपक्यांच्या मोठ्या निवट्या ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डोकं डावी-उजवीकडे हलवत पुढे सरकताना तुम्ही रोज बघता. तेव्हा त्या चिखलावरचा तपकिरी, बुळबुळीत थर खरवडून खात असतात. तो थर सूक्ष्म शैवालाचा असतो आणि त्याला ऊन लागतं. तिवर दाट झालं की चिखलावर सावली पडते, मुळांचे खुंटे सगळीकडे वर येतात आणि निवटीचं कुरणच संपतं. तुमच्या गावी तिवर वाढणं आणि निवटी घटणं या दोन्ही गोष्टी एकाच बदलातून आल्या असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. पडताळा सोपा आहे. तिवराबाहेर, खाडीच्या उघड्या काठावर निवट्यांची बिळं अजून भरपूर दिसतात का ते बघा. दिसत असतील तर माझं म्हणणं बरोबर. तिथेही नसतील, चिखलाला तेलाची झाक किंवा उग्र वास असेल, तर मात्र चिखलच बाधलाय असं समजा आणि तो तपासायला द्या.

आता तिवराबद्दल. शाळेत शिकलात ते खरंच आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातलं कांदळवन, म्हणजे तिवरासारख्या खारफुटीचं जंगल, २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ मध्ये ३२४. यातली काही वाढ उपग्रहाची नजर सुधारल्यामुळे दिसते, पण बरीच वाढ तुमच्यासारख्या खांडी पडलेल्या खारजमिनींवर प्रत्यक्ष झालेली आहे. मात्र माशाला झाडाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा भरतीचं पाणी त्याला झाडापर्यंत नेतं आणि ओहोटीला सुखरूप परत आणतं. दाट तिवर गाळ धरून ठेवतं. आतली जमीन हळूहळू उंच होते, खाडीचे आतले फाटे बुजत जातात. मग रोजची भरती आत पोचत नाही, पुनव-अवसेच्या उधाणालाच पाणी शिरतं. शेताचे जुने बांध अजून आत उभे असतील तर उधाणाबरोबर शिरलेली पिल्लं त्या चौकोनांत अडकतात. ते साचलेलं पाणी तापतं आणि पुढच्या उधाणाआधी आटतंही. म्हणजे नकाशावर हिरवं क्षेत्र वाढतं आणि माशाच्या वाट्याची पाणथळ कमी होते. तिवर तोडता येत नाही. २००५ पासून उच्च न्यायालयाची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण जुन्या बांधांतून पाण्याला वाट मोकळी करण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायत वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे नेऊ शकते. तो जरूर न्या.

बोय, जिताडा आणि कोळंबी यांचं गणित निराळं. ही सगळी खाडीमुखाशी किंवा समुद्रात वितात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, वाढतात आणि विणीला परत जातात. म्हणून त्यांच्या बाबतीत मी आधी वाट तपासते. उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी आहे? जुनी लाकडी फळ्यांची उघाडी गावातली माणसं हाताने उघडत, भातकापणीनंतर पाणी आत घेत. आताच्या झडपा बहुतेक एकाच दिशेने उघडतात, आतलं पाणी बाहेर जाऊ देतात आणि बाहेरचं अडवतात. शेतीला ते हवंच, पण बोटाएवढ्या बोयीला तिथे दार बंद होतं. गोव्यात खाजणांच्या, म्हणजे तिथल्या खारजमिनींच्या, मानशी (उघाड्या) आजही भरती-ओहोटी बघून चालवल्या जातात, तिथे शेत आणि मासा दोन्ही सांभाळण्याचा प्रयत्न असतो.

जिताड्याचं आणखी एक. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा काढला की बहुतेक वेळा मादीच जाते. दुसऱ्या टोकाला, पावसाळ्यात खाडीतली पिल्लं वेचून गावतळ्यात सोडायची आपल्या खारेपाटाची जुनी रीत आहे. तळ्यातला जिताडा पाहुण्यांना, साहेबांना भेट जातो, तळ्याच्या गोड्या पाण्यात तो वीत नाही. आया बाहेर पकडल्या जातात, पिल्लं तळ्यात जातात, तर खाडीत परतणार कोण? ही रीत बंद करा असं मी म्हणत नाही. हल्ली जिताड्याची पिल्लं उबवणी केंद्रातही तयार होतात, तळ्यासाठी ती आणा आणि खाडीतली खाडीतच राहू द्या.

बोकशीवाल्यांबद्दल. बारीक आसाची (छिद्रांची) जाळी फाट्याच्या तोंडावर लावली की पिल्लू सुटत नाही, हे खरं. पण जाळ्याचा दोष ओळखायची खूण ठरलेली आहे : मोठे मासे आधी नाहीसे होतात आणि मिळणाऱ्या माशाचा आकार वर्षागणिक लहान होत जातो. तुमच्याकडे मोठी बोय मिळते पण पिल्लं दिसत नाहीत, असं असेल तर दोष वाटेत शोधा. लहान बोय भरपूर आणि मोठी नाही, असं असेल तर जाळ्यात. चिवण्यांच्या बाबतीत मात्र मला जाळ्याचंच भय जास्त वाटतं, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. चिवणी पहिल्या पावसाला गाभोळी भरून उथळ पाण्यात चढते आणि आपण तिला नेमकी तेव्हाच पकडतो, कारण तेव्हाच ती सर्वांत चवदार. १ जून ते ३१ जुलैची समुद्रातली बंदी यांत्रिक नौकांना आहे, वलगणीच्या पागाला (फेकून टाकायच्या जाळ्याला) नाही. गावाने स्वतःहून पहिले काही दिवस पाग टाकायचा नाही असं ठरवलं तर त्याचा फरक थोड्याच वर्षांत दिसेल.

गोडं पाणी हेही विसरू नका. हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईकडे जातं, त्यामुळे खाडीत उतरणारं गोडं पाणी तेवढं घटतं आणि खारेपणा आत सरकतो. जवळच्याच कुंडलिकेत उलट. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरतं आणि भर उन्हाळ्यातही नदी वाहती असते. शेजारशेजारच्या दोन खाड्यांत एकच मासा वेगळा वागतो तो यामुळेही. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणंही खोटं नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ पासून वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने चढते आहे. तीस वर्षांत हे चार-पाच बोटं होतं आणि सपाट खारेपाटात चार बोटांनी बराच फरक पडतो. मात्र एवढ्यानेच बोय नाहीशी होणार नाही.

कारखान्याच्या पाण्याचा संशय असेल तर वेळ बघा. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत असतील आणि ऊन वर आल्यावर सावरत असतील, तर प्राणवायू कमी पडतोय. मैलापाणी किंवा कुजणारा पाला हे त्याचं कारण असतं. तीस अंशांच्या गोड्या पाण्यातसुद्धा लिटरला फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्यात त्याहून कमी. भरदिवसा, एकाच वेळी, लहानमोठी सगळी जात मरून वर आली तर विष समजा. लगेच स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरा, बर्फात ठेवा, मेलेले ताजे मासेही बर्फात ठेवा, पंचनामा करून घ्या. दुसऱ्या दिवशी ओहोटीने सगळं वाहून गेलेलं असतं. बार्जमुळे काठ ढासळतो, पाणी गढूळ राहतं. हे नुकसान संथपणे होतं, एका दिवसात मासे मारत नाही.

चिलापी १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, तिला विणीसाठी समुद्र लागत नाही, खारं-गोडं दोन्ही चालतं, घाण पाणीही सोसतं. वाट बंद झालेल्या, पाणी साचलेल्या जागी तीच उरणार. तुमच्याकडे चिलापी वाढली ही खूण मला पुन्हा त्या जुन्या बांधांकडे आणि उघाडीकडे नेते.

म्हणून माझा अंदाज : पहिलं कारण पाण्याची अडलेली वाट, त्यानंतर वलगणीची मासेमारी, बाकीची कारणं त्यामागून. पडताळण्यासाठी एक वही घाला. जागा तीच, जाळं तेच, तिथी तीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हे तुम्हाला सांगायला नको. अष्टमीला सहा वाजता, आणि तेव्हा भांग, म्हणजे भरती कमी चढते. अष्टमीच्या पागाची तुलना अष्टमीशी करा, पुनवेच्या उधाणाशी नको. पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा एवढं लिहून पाठवलंत तर मी ते नीट बघेन.

प्रश्न : ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) एवढ्या संख्येने येतात, म्हणजे खाडी सुधारली असं समजायचं का? (एक विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : नाही. इथे सर्वांत जास्त येणारा लहान रोहित मासे खात नाही. वाकड्या चोचीने तो पाण्या-चिखलातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातो. शहरांचं सांडपाणी खाडीत आलं की त्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल फोफावतं. तेच शैवाल रात्री पाण्यातला प्राणवायू वापरतं आणि कुजल्यावर तर आणखीच. त्यामुळे रोहित वाढणं आणि कोळीवाड्यांतली मासळी घटणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. त्याने जागेला संरक्षण मिळालं, आत येणाऱ्या नाल्यांचं पाणी मात्र वेगळं शुद्ध करावं लागतं. प्रकल्पासाठी पक्षी मोजणार असाल तर त्याच दिवशी जवळच्या कोळीवाड्यात जाऊन टोपलीत कोणकोणती मासळी आली तेही विचारून लिहा.