शाळेत राजकारण नको म्हणणारे पालक आणि गप्प बसणाऱ्या मुली

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात नववीला राज्यशास्त्र शिकवते. नुसतं पुस्तक वाचलं की पोरं पेंगतात म्हणून महिन्यातनं एक तास चर्चेला ठेवला, पण बोलतात तीच चार पोरं, मुली तर गप्पच. त्यात गेल्या वेळी ‘आठवडी बाजार शाळेच्या मैदानावर भरू द्यावा का’ हा विषय घेतला तर दुसऱ्या दिवशी एक पालक येऊन ‘शाळेत राजकारण नको’ म्हणून हेडसरांना सुनावून गेले. बंद करू का हे सगळं?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, बंद अजिबात करू नका. विषय नेमका लागला म्हणूनच तर पालक आले ना, ‘कचरा रस्त्यावर टाकावा का’ असला विषय असता तर कोण कशाला येतंय! त्याचं उत्तर एकच असतं, मग बाईंना काय ऐकायचंय तेवढंच पोरं बोलतात. बाजाराचं तसं नाही, एकाच बाकावर एकाच्या आईची भाजीची पाटी आणि दुसरीचं खो-खोचं मैदान, दोघंही खरी.

पालकांचं म्हणाल तर विषय आठवडाभर आधी फळ्यावर लिहा, पक्षाचं आणि पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम पोरांकडूनच करून घ्या, आणि त्या पालकांना एकदा मागच्या बाकावर येऊन बसा म्हणा. हेडसरांना हेही सांगा की १९९९ साली २८ देशांतल्या १४ वर्षांच्या साधारण ९० हजार मुलांचा मोठा अभ्यास झाला होता (आपला देश नव्हता त्यात), त्यात ज्या मुलांना वर्गात मोकळं बोलता येतं असं वाटत होतं त्यांची नागरिकशास्त्राची समज बरी निघाली आणि मोठेपणी मत द्यायला जाणार म्हणणारीही त्यांच्यात जास्त. मोकळेपणाचं हे मुलांनाच विचारलं होतं बरं का. आपल्याला वाटतं वर्ग मोकळा आहे, पोरांना तसं वाटतंच असं नाही, तेव्हा बिननावाच्या चिठ्ठीवर एकदा विचारून बघा, उत्तर झोंबेल कदाचित.

मुलींसाठी तीच चिठ्ठी कामाला येते. आधी पाच मिनिटं सगळ्यांनी दोन ओळी लिहायच्या, मग चिठ्ठ्या मिसळून दुसऱ्याची वाचायची, म्हणजे मत कुणाचं ते कळत नाही आणि हसायची सोय राहात नाही. त्या चार पोरांना मुद्दे टिपायला बसवा आणि शेवटी स्वतःच्या विरुद्ध बाजूने बोलायला लावा, जाम तारांबळ उडते. आणि तुमचं मत? तास संपेपर्यंत तोंडातनं काढू नका, बाई एकदा बोलल्या की चर्चा संपली.

पण घंटा झाली आणि विषय तिथंच मेला तर दोन महिन्यांत पोरंही कंटाळतील. बाजाराचं ठरवणार ग्रामपंचायत, तर वर्गाचं पत्र तिकडे जाऊ द्या, दोन्ही बाजू लिहून, एकमत व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे! १८ पूर्ण नाहीत म्हणून ग्रामसभेत मत देता येणार नाही, पण पत्र द्यायला वय लागत नाही. ग्रामसभा बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास असते, आणि तिच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, तिला मुलींना आयांबरोबर नुसतं ऐकायला पाठवता आलं तर बघा. पत्र द्यायला मात्र तुम्ही जाऊ नका, पोरांनाच पाठवा, आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातनं हलायचं नाही म्हणावं.