दोन मुस्लिम पाठव

प्रश्न : आम्ही मूळचे श्रीवर्धनचे, राहतो माझगावात. घरी कोकणीच बोलतो. सिनेमातला मुसलमान मात्र गळ्यात तावीज घालून सारखा ‘जनाब, जनाब’ करतो. माझे अब्बा आजवर कुणालाच जनाब म्हणालेले नाहीत. हे आपल्याकडेच, की बाहेरच्या सिनेमातही असंच?
— एक वाचक, माझगाव

उत्तर : अब्बांना नमस्कार सांगा, माफीही मागा, कारण तसले तावीज मीच बांधलेत. अठरा वर्षं मी ड्रेसदादा होतो, म्हणजे शूटिंगला नटांचे कपडे पुरवणारा. आदल्या रात्री निरोप यायचा, ‘दोन मुस्लिम पाठव.’ नाव नाही, धंदा नाही. मग पेटीतून जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी, तावीज निघायचा. एकदा टोपी पुढे केली तर शर्ट-पँटीतला ज्युनिअर आर्टिस्ट म्हणाला, ‘दादा, मी मुसलमानच आहे, रोज असाच येतो.’ डायरेक्टर म्हणाले, ‘दिसत नाही ना!’ घातली बिचाऱ्याने टोपी.

बाहेरही तेच, पेटी तेवढी मोठी. जॅक शाहीन या अमेरिकी प्राध्यापकाने नऊशेहून जास्त हॉलिवूडपट तपासून २००१ साली पुस्तक काढलं. त्यातले बहुतेक अरब एक तर लंपट शेख, नाहीतर बॉम्बवाले. १९९२चा ‘अलादीन’ तर पोरांचा सिनेमा. त्याच्या पहिल्याच गाण्यात ‘तोंड आवडलं नाही तर कान कापतात’ अशी ओळ होती. अरब-अमेरिकी लोकांनी ओरड केली तेव्हा पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेटवर ती बदलली. ‘रानटी’ हा शब्द मात्र राहिलाच.

ब्रिटिश नट रिझ अहमद यांच्या २०१७च्या भाषणावरून पुढे ‘रिझ टेस्ट’ निघाली. मुसलमान पात्राचा दहशतवादाशी संबंध आहे? उगाच भडकतं? मागासलेलं आहे? पाश्चात्त्यांच्या जगण्याला धोका आहे? पुरुष असेल तर बायकांना तुच्छ लेखणारा, बाई असेल तर पुरुषांनी दाबलेली? एकाला जरी ‘हो’ आलं, तरी सिनेमा नापास.

पण आपला प्रेमळ चाचा त्यात सहज पास होईल हो! हिरोसाठी गोळी खाऊन जातो तो. त्याचं भाडं थकलेलं नसतं, गुडघा दुखत नसतो. सईद मिर्झांचा १९८९चा ‘सलीम लंगडे पे मत रो’ मिळवून पाहा. मुंबईतला टपोरी, बाप गिरणीतून घरी बसलेला, बहिणीच्या लग्नाची काळजी. त्या घरात माझ्या पेटीचं काही काम नव्हतं.

आणि अब्बा काय काम करतात, ते तुमच्याही पत्रात राहिलंच की.