वाचकांचे प्रश्न : उपमा, रूपक आणि पाठ केलेल्या खुणा

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ‘सारखा’, ‘जसा’ दिसले की उपमा आणि ‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा, असे तिने पाठ केले आहे. मात्र बहिणाबाईंच्या ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीत यांपैकी एकही शब्द नाही. मग येथे अलंकार कोणता आणि तो ओळखायचा कसा? (एक पालक, एरंडोल)

उत्तर : या ओळीत रूपक आहे. पाठ केलेले शब्द परीक्षेत उपयोगी पडतात, पण त्या केवळ खुणा आहेत. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी त्याची सांगड घालायची ते उपमान, आणि या दोघांचे नाते कवीने कसे जोडले आहे यावर अलंकार ठरतो. आपल्या भागातलाच कापूस घ्या. ‘फुटलेला कापूस चांदण्यासारखा शुभ्र दिसतो’ असे म्हटले की दोन वस्तू वेगळ्या राहतात आणि त्यांच्यातले साम्य तेवढे सांगितले जाते, ही उपमा. ‘फुटलेला कापूस म्हणजे जणू शेतात उतरलेले चांदणेच’ असे म्हटले की उपमेय हेच उपमान असावे अशी कल्पना केली जाते, ही उत्प्रेक्षा. ‘शेतभर कापसाचे चांदणे पसरले’ यात दोघांतला भेदच मिटतो, हे रूपक. ‘हा कापूस नव्हे, हे चांदणे आहे’ असे म्हणून उपमेय नाकारले, तर ती अपन्हुती.

आता बहिणाबाईंची ओळ पाहा. तिच्यात मन हे उपमेय आणि ढोर हे उपमान आहे. ‘वढाय’, म्हणजे ओढाळ, हे विशेषण मुळात गुराचे आहे, आणि पुढच्याच ओळीत ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर’ असे जे घडते तेही गुराचेच वर्तन आहे. तरीही वाक्याचा कर्ता मनच आहे. हाकलले जाते ते मन आणि पुन्हा पिकावर येते तेही मन. म्हणजे मन आणि ढोर येथे एकच झाले आहेत.

‘सारखा’, ‘जणू’ असा साम्य दाखवणारा शब्द (वाचक शब्द) नसेल तेव्हा अलंकारशास्त्र हीच कसोटी लावते : विशेषण आणि क्रियापद कोणाला शोभते ते पाहावे. ‘मुखचंद्र हसला’ यात हसणे मुखाचे आहे, म्हणून मुख प्रधान राहते आणि ती उपमा ठरते. ‘मुखचंद्र उगवला’ यात उगवणे चंद्राचे आहे, म्हणून ते रूपक ठरते. मुलीला यादीआधी ही कसोटी शिकवावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

याच कवितेत पुढे ‘मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना’ ही सरळ उपमा आहे, आणि लगेच तेच मन आभाळातही मावत नाही असे म्हटले आहे, ती अतिशयोक्ती. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्या बहिणाबाईंनी (1880–1951) अलंकारांची नावे समोर ठेवून हे रचले नाही. शेतात रोज दिसणारे ढोर आणि खसखशीचा दाणा यांतूनच त्यांचा विचार आकार घेत होता. म्हणून आधी अर्थ लावावा आणि मग नाव द्यावे.

प्रश्न : बालकवींच्या ‘औदुंबर’मधील ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ या ओळीला रूपक का म्हणत नाहीत? (एक विद्यार्थी, धरणगाव)

उत्तर : आपल्याच गावी 1890 साली जन्मलेल्या कवीची ही ओळ आहे. रूपकाला उपमान लागते. ‘औदुंबररूपी मुनी’ असे काही म्हटले असते तर रूपक झाले असते. येथे दुसरी वस्तू आणलेलीच नाही. पाण्यात पाय सोडून बसण्याची माणसाची कृती झाडाला दिली आहे, म्हणून ही चेतनगुणोक्ती.