दातांचा एक्स-रे आणि शिसे नसलेला ॲप्रन

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा लावायच्या असल्याने तिचा ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकाच चित्रात येणारा एक्स-रे) काढायचा आहे. आमच्या दंतवैद्यांकडे पूर्वीच्या जड ॲप्रनऐवजी आता हलका, शिसे नसलेला ॲप्रन आला आहे. दुसऱ्या एका दवाखान्यात तर माझ्या दाढेचा एक्स-रे काहीही न घालताच काढला. हलका ॲप्रन किरण खरोखर अडवतो का? आणि ॲप्रन न घालणे हा निष्काळजीपणा नव्हे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे: चांगल्या बनावटीचा हलका ॲप्रन दातांच्या एक्स-रेसाठी पुरेसा असतो. अशा ॲप्रनमध्ये रबर किंवा प्लॅस्टिकच्या थरात अँटिमनी, कथील, बिस्मथ, टंगस्टन, बेरियम यांपैकी काही धातूंची किंवा त्यांच्या संयुगांची भुकटी मिसळलेली असते. दंतचिकित्सेतील यंत्रे साधारणपणे 60 ते 70 किलोव्होल्टवर चालतात आणि त्यांतून निघणाऱ्या किरणांचा बराचसा भाग ज्या ऊर्जेचा असतो, त्या ऊर्जेला कथील व अँटिमनी हे धातू तेवढ्याच वजनाच्या शिशापेक्षा अधिक किरण शोषून घेतात. शिशाची शोषणक्षमता 88 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) पुन्हा एकदम वाढते, पण तेवढ्या ऊर्जेचे किरण या यंत्रांतून निघतच नाहीत. म्हणूनच दातांसाठी योग्य ठरलेला हलका ॲप्रन अधिक किलोव्होल्टवर चालणाऱ्या सीटी स्कॅनच्या खोलीतही तितकाच उपयोगी पडेल असे गृहीत धरू नये. ॲप्रनवर ‘0.25 मिलिमीटर शिशाच्या तोडीचा’ अशा अर्थाची नोंद असते. ती किती किलोव्होल्टला लागू आहे, हेही त्यासोबत पाहावे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर अनेकांना पटत नाही, कारण ॲप्रन डोळ्यांना दिसतो आणि खरी काळजी दिसत नाही. एका दाढेच्या डिजिटल एक्स-रेत शरीराला मिळणारी मात्रा काही मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकीच असते, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2400 मायक्रोसिव्हर्ट मिळतात. छातीपोटापर्यंत जे अत्यल्प किरण पोहोचतात, त्यांतील बहुतेक डोक्यामानेच्या ऊतींमध्ये विखुरून शरीराच्या आतूनच येतात, आणि बाहेरून पांघरलेला ॲप्रन ते अडवू शकत नाही. या कारणांमुळे अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये रुग्णांसाठी ॲप्रन आणि गळपट्टा (गळ्यातील थायरॉईड ग्रंथी झाकणारा पट्टा) नेहमी वापरण्याची शिफारस मागे घेतली. तेव्हा दुसऱ्या दवाखान्याला लगेच दोष देऊ नये. मात्र त्या शिफारशीमागे किरणांचा झोत अरुंद असणे, डिजिटल सेन्सर वापरणे आणि एक्स-रे गरजेपुरताच काढणे ही गृहीतके आहेत. जुन्या यंत्राच्या गोल, रुंद नळीऐवजी आयताकृती नळी वापरल्याने जेवढी मात्रा वाचते, तेवढी कोणताही ॲप्रन वाचवू शकत नाही, असे माझे मत आहे.

मुलांची थायरॉईड ग्रंथी किरणांबाबत अधिक संवेदनशील असते, हे खरे. परंतु ओपीजीच्या वेळी गळपट्टा बांधल्यास त्याची सावली चित्रात उमटते आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो, म्हणजे मात्रा दुप्पट होते. ओपीजीची नळी डोक्याच्या मागून फिरत असल्याने ॲप्रन घालायचाच असेल तर तो पाठीवर, मानेपासून खाली राहील असा घालावा. मुलीचा जुना ओपीजी असल्यास तो सोबत न्यावा आणि यंत्रावर लहान मुलांसाठीची मात्रा निवडली आहे ना, हे जरूर विचारावे. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुमती आहे का, असे विचारण्यातही गैर काही नाही.

प्रश्न : जुने शिशाचे ॲप्रन भंगारात द्यावेत का?
— एक दंतवैद्य, कोल्हापूर

उत्तर : देऊ नयेत. शिसे विषारी आहे, आणि आवरण फाटल्यावर त्याची धूळ हाताळणाऱ्याच्या अंगावर व जमिनीवर पसरते. पुरवठादार ते परत घेतो का हे आधी विचारावे, अन्यथा शिशाच्या पुनर्वापराची अधिकृत परवानगी असलेल्या उद्योगाकडेच ते सोपवावेत. नवे ॲप्रन शिसे नसलेले असले तरी घडी घालून ठेवू नका. घडीवर आत तडे जातात आणि ते वरून दिसत नाहीत, म्हणून ॲप्रन रुंद दांडीवर टांगावेत.