रास्टरला तक्ता ‘जोडायचा’ की त्याची ‘सांगड घालायची’?

प्रश्न असा आहे: नकाशे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका लिहिताना ‘रास्टरला (म्हणजे चौकोनी घरांत मांडलेल्या नकाशाला) गुणधर्म-तक्ता जोडा’ अशा अर्थाचे वाक्य आले. ते खटकते, पण नेमके काय खटकते ते सापडत नाही. यात ‘गुणधर्म’ चुकला आहे की ‘जोडा’?

माझ्या मते दोन्ही शब्द तपासायला हवेत, आणि त्यासाठी तो तक्ता मुळात कशाचा असतो हे आधी पाहावे लागते. बिंदू, रेषा आणि बहुभुज यांच्या व्हेक्टर नकाशात प्रत्येक आकृतीची स्वतःची ओळ असते. विहिरीचा बिंदू असेल तर तिची खोली आणि बांधकामाचे वर्ष त्या ओळीत येते. तिथे ‘गुणधर्म’, किंवा त्याहून बरा ‘गुणविशेष’, शोभतो, कारण वस्तू आहे आणि तिचे गुण आहेत. रास्टरमध्ये मात्र बुद्धिबळाच्या पटासारखी घरे असतात आणि प्रत्येक घरात एक संख्या असते. जमीनवापराच्या रास्टरमध्ये 1 म्हणजे पाणी, 2 म्हणजे जंगल, 3 म्हणजे शेती असे ठरवले आणि 2 हा आकडा 4000 घरांत आला, तरी तक्त्यात 2 ची ओळ एकच राहते. त्या ओळीत तो आकडा, तो जितक्या घरांत आला ती संख्या, आणि पुढे आपण भरलेले नाव किंवा रंग असतो. घराची बाजू 30 मीटर असेल तर एका घराचे क्षेत्र 900 चौरस मीटर होते, म्हणून या एका ओळीवरून जंगल 360 हेक्टर आहे हे लगेच कळते. पण त्या 4000 घरांपैकी एखाद्याच घराविषयी वेगळे काही नोंदवण्याची सोय तिथे नसते. तक्ता आकड्यांचा असतो आणि जागेशी त्याचा संबंध आकड्याच्या मार्फतच येतो.

म्हणून इथे मला ‘संकेत’ हा शब्द अचूक वाटतो. न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अमुक शब्दावरून अमुक अर्थ समजावा अशी जी योजना असते तिला संकेत म्हणतात, आणि 2 वरून जंगल समजावे हीही नेमकी तशीच योजना आहे. या आकड्याला, म्हणजे संकेतांकाला, ‘मूल्य’ म्हणण्याची पद्धत रूढ आहे, पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. घरांचा आकार बदलताना शेजारच्या घरांची सरासरी काढणारी पद्धत निवडली, तर पाण्याचा 1 आणि शेतीचा 3 यांच्या सीमेवर 2 उमटू शकतो आणि काठाकाठाने नसलेले जंगल उगवते. संकेताची सरासरी काढता येत नाही; तिथे नवा आकडा न घडवणारी पद्धतच वापरायची असते, जसे सर्वांत जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा उचलणारी. जमिनीच्या उंचीचे रास्टर असेल तर गोष्ट निराळी. 612.37 हा आकडा स्वतःच उंची सांगतो, त्याला ‘मूल्य’ म्हणणे योग्यच आहे. अशा दशांश आकड्यांच्या रास्टरला असा तक्ता सहसा नसतो, कारण जवळजवळ प्रत्येक घरासाठी नवी ओळ लागली असती. तक्ता असतो तो पूर्णांकांच्या रास्टरला.

‘तक्ता’ चालेल, पण मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: ‘कोष्टक’. आपल्याकडे मापांची कोष्टके पाठ करत, त्यांत 12 इंच म्हणजे 1 फूट अशी एका गोष्टीची दुसरीशी बरोबरी सांगितलेली असे. रास्टरचा तक्ता हेच काम करतो, म्हणून मी त्याला ‘संकेत-कोष्टक’ म्हणेन आणि ‘गुणविशेष-तक्ता’ व्हेक्टरसाठी राखून ठेवेन. ‘रास्टर’ हा शब्द मात्र बदलू नये. तो लॅटिनमधल्या दंताळ्याच्या नावावरून जर्मनमार्गे आला आहे, आणि दंताळे फिरवल्यावर मातीत उमटणाऱ्या समांतर रेघा डोळ्यांसमोर आणल्या की तो परका राहत नाही.

आता क्रियापद. ‘जोडणे’ म्हटले की मराठी वाचकाला अर्जाला कागद जोडणे आठवते, म्हणजे एकाच्या मागे दुसरे लावणे. एका तक्त्याच्या ओळी दुसऱ्याच्या खाली घालण्याच्या क्रियेला ते क्रियापद बरोबर आहे. इथे मात्र रास्टरचे कोष्टक आणि बाहेरचा तक्ता या दोन्हीकडे असलेला समान स्तंभ पाहून ओळीला ओळ भिडवायची असते. या क्रियेला ‘सांगड घालणे’ म्हणावे. दोन नावा एकत्र बांधून केलेला तराफा हा ‘सांगड’चा जुना अर्थ आहे: दोन्ही नावा आपापल्या जागी शाबूत, बांधलेल्या ठिकाणी एक, आणि दोर सोडला की पुन्हा वेगळ्या. तक्त्यांची सांगडही अशीच सोडता येते. दोर कच्चा असला तर ती बसत नाही. एकीकडे 2 हा आकडा म्हणून आणि दुसरीकडे मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखे दिसूनही काही सॉफ्टवेअरना ते जुळत नाहीत आणि ‘पाणी’, ‘जंगल’ अशा नावांचा स्तंभ रिकामा येऊ शकतो.

तेव्हा पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन: ‘रास्टरच्या संकेत-कोष्टकाशी बाहेरच्या तक्त्याची संकेतांकाच्या स्तंभावरून सांगड घाला, त्याआधी दोन्हीकडचे संकेतांक पूर्णांक म्हणूनच साठवले आहेत याची खात्री करा.’