नववी-दहावीच्या ख्रिस्ती मुलांसोबत अभिजात साहित्य श्रद्धेच्या अंगाने वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?

टॉलस्टॉयच्या ‘जिथे प्रेम तिथे देव’ (१८८५) या कथेपासून करा, आणि ती कथा संपल्यावरच बायबल उघडा. जालन्यात रविवारच्या वर्गात याच वयाची मुलं माझ्याकडे असतात. आधी वचन सांगितलं की ती कथा न वाचताच ‘बरोबर’ उत्तर देऊन मोकळी होतात! कथेतला मार्टिन चांभार तळघरात राहतो, खिडकीतून त्याला फक्त लोकांचे पाय दिसतात. ख्रिस्त येणार म्हणून तो दिवसभर वाट पाहतो आणि दारात येतात ते थंडीने गारठलेला म्हातारा आणि तान्हं मूल घेतलेली बाई. मुलांना एवढंच विचारा: मग ख्रिस्त आला की नाही? वाद रंगू द्या, त्यानंतर बायबलमधलं मत्तय २५ वाचा, जिथे ख्रिस्त म्हणतो की गरजूंसाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत.

मराठीत हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातले निवडक भाग घ्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी मात्र काही वर्षांनी. मधल्या काळातली त्यांची तगमग, सोवळ्याओवळ्याचा पीळ हळूहळू सुटणं, हे मुलांना प्रवचनापेक्षा जास्त भिडतं. शिवाय बाई हसवतातही भरपूर.

फक्त प्रत्येक सोशिक पात्रात ख्रिस्त शोधायला लावू नका. काही पुस्तकं श्रद्धेला उलटे प्रश्न विचारतात, ते प्रश्न तसेच राहू द्या. आणि वर्गात इतर धर्मांची मुलं असतील, तर बायबलचा भाग पालकांना विचारूनच घ्या.